बू वुर्यानींचा उजवा हात

६ जून, गुरुवार

आज पुन्हा पोटात कळ आली. स्कूटर शृंगारघराच्या फाटकातून आत घेताना येते, नेमकी तिथेच. हांदोको म्हणतो, मिरच्या कमी खा. मिरची सोडून किती दिवस झाले हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मग कशानं दुखतं असं विचारेल.

परवापासून बसार महिना. जावाच्या रिवाजानं अख्खं सोलो शहर याच महिन्यात लग्न करतं, कारण पुढचा सुरो महिना लग्नाला वर्ज्य. तेव्हा सुरो लागेपर्यंत आम्हा नवरी सजवणाऱ्यांना उसंत नाही.

आमच्या मालकीणबाई, बू वुर्यानी, आज खुशीत होत्या. त्यांच्या सपातांच्या आवाजावरूनच आम्हाला कळतं. आल्या, मला जवळ बोलावलं आणि स्वतःचं एक रेशमी बाटिकचं वस्त्र माझ्या खांद्यावर टाकलं. "पोरी, तुझ्या रंगाला शोभेल." काल याच खोलीत, सगळ्यांसमोर, माझ्या हाताला गवंड्याचा हात म्हणाल्या होत्या. आज म्हणाल्या, "कालचं मनावर घेऊ नकोस. ज्याच्यावर माझा जीव असतो त्यालाच मी बोलते. बाकीच्यांना मी विचारते तरी का?"

काल बोलणी खाताना मी रडले नव्हते. आज मात्र रडू आलं.

यक्ती आरशामागून बघत होती. ती माझ्याआधीपासून इथे आहे, पलुपीचं 'पी' तिनंच केलं, आणि तिच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, "रडलीस ना, पी? झालं. महिनाभराची बेगमी झाली त्यांची."

कधीकधी यक्ती फारच कडवट बोलते.

९ जून, रविवार

लिहू की नको असं चाललंय.

आज बू हार्यतींच्या मुलीचं लग्न. मोठं घराणं, दागिने पेटीतून नाही, तिजोरीतून आलेले. नवरीच्या कपाळावरच्या काळ्या महिरपी नेहमीप्रमाणे बूच काढणार होत्या. मधली सर्वांत मोठी. ती एका दमात यावी लागते, आणि काढणारीनं उपाशी राहून काढायची ही रीत. बूंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी लेपाची वाटी घेऊन त्यांच्या कोपराशी. यक्ती दिवा धरून पलीकडे.

मधली रेघ अर्ध्यावर आली आणि एकदम उजवीकडे घसरली. थेट भुवईपर्यंत.

नवरीच्या आईनं तोंडावर हात घेतला. मागे बसलेल्या आत्या, मावश्या माना उंचावून बघू लागल्या. नवरीच्या कपाळावरची रेघ मोडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

बू गर्रकन वळल्या आणि हातातल्या काडीनं यक्तीच्या मनगटावर फटका मारला. "धक्का दिलास!"

"मी? अहो बू, मी तर इकडे..."

"पलुपी, तू सांग. तू जवळ होतीस."

मी म्हणाले, "हो. थोडासा लागला धक्का."

मग बूंनी कपाळ पुसलं, कोपर गुडघ्यावर दाबून धरलं आणि दुसऱ्यांदा काढली ती रेघ इतकी देखणी आली की बायकांनी सुस्कारे टाकले. यक्तीला बाहेर गाडीत बसायला सांगितलं होतं.

मी अगदीच खोटं बोलले असं नाही. यक्तीची ओढणी हलली होती, मी पाहिलं होतं. पंखा चालू होता, त्यानं हलली असेल, पण हलली होती. आणि त्या क्षणी विचार करायला वेळ होता कुठे? नवरी रडायच्या बेतात, तिची आई पांढरीफटक. कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं.

१० जून, सोमवार

यक्तीला काढलं.

अंगणात सगळ्यांना उभं केलं होतं. मोगऱ्याच्या जाळ्या गुंफणाऱ्या मार्नीबाई गुडघ्यांनी अधू, त्यांनाही उभं केलं. बू आवाज चढवून बोलल्याच नाहीत. "सोलोत तुला कुणी नवरीच्या डोक्याला कंगवासुद्धा लावू देणार नाही, याची व्यवस्था मी करते," एवढंच, भाजीचा भाव सांगावा तसं.

यक्तीनं आपली पेटी उचलली. जाताना माझ्याजवळ थांबली. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पी, मी कुठे उभी होते ते तुला माहीत आहे."

दुपारी बूंनी यक्तीच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आजपासून तू माझा उजवा हात."

घरी सांगितलं, बढती मिळाली. हांदोकोनं विचारलं, "आणि यक्ती?" मी म्हटलं, भांडून गेली. तो बराच वेळ एसीच्या जाळीतली धूळ झटकत राहिला. लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि आमचा महिनाभर तसाच पडलाय.

१५ जून, शनिवार

लेकीच्या, गेंडिसच्या शाळेत आज नाच होता. वर्गशिक्षिकेनं तिला पहिल्या ओळीत घेतलं होतं. मी बूंची परवानगी आधीच काढून ठेवली होती.

पडदा उघडायच्या आधी बूंचा फोन आला. "नाच बघतेयस? इथे माझं घर जळतंय आणि तू नाच बघतेयस?"

अंबाड्याच्या सोन्याच्या काड्या सापडत नव्हत्या. मी धावत गेले. काड्या बूंच्याच पर्समध्ये होत्या. पर्सची चेन त्यांना उघडता आली नव्हती, म्हणून मला उघडायला लावली. मोठ्या माणसांना असल्या बारीकसारीक कामांची सवय राहत नाही. चहासुद्धा त्या हल्ली अर्धाच पेला घेतात, दोन्ही हातांनी धरून. जुन्या घराण्यातल्या बायकांची ती ढबच असते म्हणे. मला फार आवडते.

हांदोकोनं नाचाचं चित्रण केलंय. अजून बघायला जमलं नाही.

१७ जून, सोमवार

बकरी ईद. आज तरी सुट्टी असेल असं वाटलं होतं. पण बूंनी सगळ्यांना त्यांच्या घरी स्वयंपाकाला बोलावलं. "आपण एक कुटुंब आहोत, सणाला वेगळं कसं राहायचं?" मार्नीबाईंचा नातू तापानं फणफणला होता, त्याही आल्या. येत नाही म्हणून सांगणार कुणाला?

हांदोको माझ्याविनाच गेंडिसला घेऊन आपल्या आईकडे गेला.

मटणाला मीठ जास्त झालं असं बू म्हणाल्या. मीठ त्यांनीच घातलं होतं. आम्ही सगळ्यांनी एकमेकींकडे बघत माफी मागितली.

१९ जून, बुधवार

आज जे झालं ते कुणालाच सांगायचं नाही. म्हणून इथे लिहिते.

नवरीला बसवलं आणि बू म्हणाल्या, "सगळ्या बाहेर. पलुपी, दार लाव." नवरीला डोळे मिटून घ्यायला सांगितलं, विधी आहे म्हणून. असा विधी मी कधी ऐकला नव्हता.

मग बूंनी काडी उचलली आणि आपला हात माझ्यासमोर धरला. नुसता धरला. काडीचं टोक थरथरत होतं, थांबतच नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, तरी थांबेना. माझ्याकडे बघत होत्या. एवढी वर्षं त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवायची माझी छाती झाली नव्हती. आज त्यांनीच नजर खाली घेतली.

काडी माझ्या हातात दिली.

मी काढली. कधी शिकले मलाच माहीत नाही. वाटी धरून उभी राहता राहता हातात उतरलं असेल. मधली महिरप एका दमात आली. काळी, ओली, भरीव. मला माझाच हात परका वाटला.

दार उघडलं तेव्हा नवरीची आजी म्हणाली, "बूंचा हात म्हणजे काय विचारता!" बू हसल्या.

गाडीत त्यांनी सांगितलं. सेमारांगच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, हे वाढत जाणार. गोळ्या आहेत, पण बोटं इतकी ऐकेनाशी होतात की पाकिटातून गोळीच निघत नाही, आणि दुसऱ्याला काढायला सांगितली तर कळेल. "तुला एकटीला माहीत आहे, पोरी."

म्हणजे बू हार्यतींकडे ती रेघ... हो. मला वाटतं, मला तेव्हाही ठाऊक होतं.

पण त्या आजारी आहेत. आजारी माणसावर राग कसा धरायचा? आणि खरं सांगू, आज मला इतका आनंद झालाय की यक्तीचं नाव मनात आलं तर मी ते बाजूला सारते.

२३ जून, रविवार

आता सगळ्या रेघा मीच काढते, दार लावून. बाहेर बूंचं कौतुक होतं. आत बू माझ्या मानेशी उभ्या राहून बोलत असतात. "शेपूट बघ कसं आलंय, झुरळाच्या मिशीसारखं. तुझ्या आईनं तुला काय शिकवलं गं? बाजारात कोळंबी सोलायला बस." नवरी मिटल्या डोळ्यांनी सगळं ऐकत असते. मी आवाज न करता श्वास घ्यायला शिकले आहे.

हांदोकोला शेवटी सांगितलं. सगळं नाही, हाताचं तेवढं. तो म्हणाला, "सोड ती नोकरी."

"आजारी आहेत त्या. अशा वेळी सोडून जाऊ?"

"आजार हाताला झालाय, पलुपी. जिभेला नाही."

"तुला नाही कळायचं. कला काय असते ते तुला नाही कळायचं."

"खरंय. मी आपला पंखे धुणारा." असं म्हणून तो उठून गेला. हा वाकडं बोलतो तेव्हा मला आणखी राग येतो.

त्या तिरीमिरीत माझ्या कोपरानं टेबलावरचा दुधाचा पेला पडला. गेंडिस शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "धक्का दिलास ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, "हो आई. चुकलं." आणि फडकं आणायला गेली.

एवढीशी पोर, पण किती समजूतदार झाली आहे. उलट उत्तर म्हणून देत नाही.

२६ जून, बुधवार

शेजारच्या क्लातेन गावाहून फोन. तिथल्या मोठ्या शृंगारघराच्या मालकीणबाई. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "हल्लीच्या नवरीमुलींचे फोटो बघितले. वुर्यानींची रेघ बदलली आहे. मोकळी झाली आहे. कोण काढतं?"

"बूच काढतात," मी म्हणाले.

त्या हसल्या. "बरं, बूच काढत असतील. जी कोण काढते तिला सांग, माझ्याकडे जागा आहे. सुरो लागायच्या आत कळव."

कुणीतरी ओळखलं! दुपारभर मी मोगरा निवडताना हसत होते. मार्नीबाई म्हणाल्या, "काय गं, लॉटरी लागली का?"

संध्याकाळी बूंनी मला केस विंचरायला बसवलं. म्हणजे माझे केस, त्या विंचरणार. डाव्या हातानं. हळू हळू गुंता काढत म्हणाल्या, "क्लातेनहून फोन आला होता म्हणे."

मी मार्नीबाईंनाही सांगितलं नव्हतं. कसं कळलं?

"तू गेलीस तर मी संपले, पोरी. हे शृंगारघर संपलं. मार्नी कुठे जाईल या वयात? आणि यक्तीचं काय झालं ते तू बघितलंयस." सगळं एकाच सुरात. कंगवा एकदाही अडखळला नाही. "जा म्हणतेस तर जा. मी अडवत नाही."

क्लातेनला काय सांगू? जावं असं वाटतं. मग त्यांची बोटं आठवतात, चेनशी झटापट करणारी. मी गेले तर त्यांना चहा कोण देईल अर्धा पेला? मग यक्ती आठवते.

३० जून, रविवार



आज या हंगामातलं सर्वांत मोठं लग्न. मी दार लावून रेघा काढल्या. मार्नीबाईंना बूंनी आत राहू दिलं होतं, मोगऱ्याची जाळी नवरीच्या अंगावरच गुंफायची होती म्हणून. त्या नवरीच्या पाटाशी जमिनीवर बसलेल्या, मान खाली. त्यांनी मला काढताना पाहिलं आणि पुन्हा फुलांत लक्ष घातलं.

रेघा झाल्या. बूंनी दार उघडलं. नवरीची आई, मावश्या, सासरच्या दोघी अशा सगळ्या आत आल्या. वाहवा सुरू झाली. आणि बूंना काय झालं कोण जाणे. कदाचित वाहवा जास्तच झाली. एक मावशी म्हणाली, "इतकी सुंदर रेघ तुमच्या हातूनसुद्धा आधी पाहिली नव्हती हो बू."

बू पुढे आल्या. "कुठे, अजून एक राहिलंय." ओलं फडकं घेतलं आणि मधली महिरप पुसून टाकली. माझी रेघ. मग काडी उचलली.

मी म्हणाले, "बू, नको." त्यांनी ऐकलं नाही. मला वाटतं, त्यांना खरंच वाटत होतं की जमेल.

टोक कपाळाला टेकायच्या आधीच काळा थेंब नवरीच्या गालावर पडला. मग दुसरा, तिच्या पांढऱ्या चोळीवर. नवरीनं डोळे उघडले. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो हात, आणि सगळ्या बायका खिडकीकडे, छताकडे, स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होत्या.

बूंनी खोलीभर नजर फिरवली. ती कशाला फिरतेय ते मला कळलं. ती खाली जाऊन थांबली.

"मार्नी! पाट ओढलास!"

मार्नीबाईंच्या दोन्ही हातांत फुलं होती.

"पलुपी, तू सांग."

आणि माझी मान हलली. मी ठरवलं नव्हतं. मला कळायच्या आतच ती हो म्हणून हलली, दोरी ओढल्यासारखी. मी बोलायच्या आधी मार्नीबाई स्वतःच म्हणाल्या, "हो बू. चुकलं."

तो सूर मी ऐकला होता. माझ्याच स्वयंपाकघरात, दुधाच्या पेल्याशेजारी. गेंडिसनं दिला नव्हता धक्का. माझंच कोपर लागलं होतं. आणि माझी लेक मला 'चुकलं' म्हणाली होती.

मी नवरीसमोर गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "नाही. मार्नीबाईंनी काही ओढलं नाही. कुणीच धक्का दिला नाही. बू, तुमचा हात दुखतोय. तुम्ही बसा. मी काढते."



बू बसल्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. मी नवरीचा गाल पुसला. तिला म्हटलं, डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल. दार उघडं होतं. सगळ्या बघत होत्या. मी सुरुवात केली.

पुसली गेलेली जास्त चांगली होती. पण ही सरळ आली.

१ जुलै, सोमवार

सकाळी बूंनी खोलीत बोलावलं. मी शिव्या खायची तयारी करून गेले होते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, केस मोकळे. इतक्या लहान दिसत होत्या.

"काल तू जे केलंस ते मी माफ केलं," म्हणाल्या. "बस."

मी बसले नाही.

"पाटीवर तुझं नाव घालते. वुर्यानी आणि पलुपी. मला मूल नाही, तुला माहीत आहे. माझ्यामागे हे सगळं तुझंच." मग पाणी मागितलं, घेतलं नाही. "फक्त एक कर. कालच्या घरी जाऊन सांग की मार्नीनं पाट ओढला होता. तिच्या वयाकडे बघून तुला दया आली, म्हणून तू तसं बोललीस. मार्नीची हरकत नाही. मी विचारलंय तिला."

पाटीवर नाव. किती वर्षं मी त्या पाटीखालून स्कूटर आत घेतली आहे. खोटं कशाला लिहू, एक क्षणभर मी ते नाव वाचलंसुद्धा.

"नाही जमायचं, बू. मी उद्यापासून येणार नाही."

त्या ओरडतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या गोळ्या कोण काढून देईल?"

उशाशी पाकीट पडलं होतं, कोपरे दातांनी चावलेले. मी ते उचललं. एकेक गोळी काढली, सगळ्या. एका रुंद तोंडाच्या वाटीत ठेवल्या, त्यांच्या डाव्या हाताला लागतील अशा. म्हणाले, "मार्नीबाईंना खरं सांगा. त्या देतील. त्यांना आधीपासून माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे, बू?"

किल्ली गादीवर ठेवली. फाटकापर्यंत येईस्तोवर मागून शिव्या ऐकू येत होत्या. शेवटी शेवटी माझं नाव घेऊन रडल्यासारखं वाटलं. मी थांबले. मग गाडी सुरू केली.

घरी गेंडिसला समोर बसवलं आणि सांगितलं, त्या दिवशी दूध मी सांडलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि खेळायला गेली. मला वाटलं होतं मिठी मारेल.

४ जुलै, गुरुवार

क्लातेनला कळवलं. रेघ मी काढत होते, आणि मी येते. मालकीणबाई म्हणाल्या, सुरो सरल्यावर ये. तोवर हांदोको म्हणतो, चल माझ्याबरोबर, जाळ्या धुवायला माणूस पाहिजेच होतं. चिडवतोय, पण बऱ्याच दिवसांनी चिडवतोय.

आज यक्तीकडे गेले. सुकोहार्जोला, तिच्या आईच्या घरी. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, हातासकट. आणि माफी मागितली.

"माफी मला नको," ती म्हणाली. "ती घेऊन मी काय करू, लोणचं घालू? बू हार्यती सगळ्या सोलोला सांगत फिरतायत की मी त्यांच्या लेकीला अपशकुन केला. परवा एक नवरी हातची गेली माझी. बोलायचंय तर तिथे जाऊन बोल."

"तू येतेस?"

"येते. मला बघायचंय तुझं तोंड."

स्कूटरवर माझ्या मागे बसली. मला धरलं नाही, मागची दांडी धरून बसली.

बू हार्यतींनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, मुलगी-जावयाचे फोटो दाखवले. मी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. त्या दिवशी यक्ती लांब उभी होती. धक्का कुणीच दिला नव्हता. मी खोटं बोलले.

त्या फोटो पालटत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ते तर मला तेव्हाच दिसलं होतं. मी समोरच नव्हते का बसले?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सगळ्यांनाच दिसलं होतं. माझी नणंद घरी आल्यावर म्हणालीसुद्धा, बाईचा हात थरथरतो म्हणून."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"तू हो म्हणालीस ना? मग मी कशाला नाही म्हणू? लग्नघर होतं. आणि वुर्यानींना तोंडावर कोण बोलणार, बाई? माझ्या कपाळावरची रेघही त्यांनीच काढलेली." त्यांनी फोटोंचा अल्बम मिटला. यक्तीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर अडखळली. "झालं गेलं. चहा घे ना तू, निवला."

यक्तीनं पेल्याला हात लावला नाही. "ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना फोन करा," ती म्हणाली.

"करते ना. आज उद्याकडे करते."

"आत्ता करा. आम्ही बसतो."

"आत्ता?" त्यांनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवीन म्हणून.

"आत्ता," मी म्हणाले.

बू हार्यती चष्मा शोधायला आत गेल्या. यक्ती ओसरीच्या बाकावर माझ्या शेजारी बसली, मधे पर्स ठेवून. त्या बाहेर आल्या, चष्मा लावला, नंबर शोधला. फोन कानाला लावून आमच्याकडे पाठ केली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तोंड फिरवून बसल्या.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "हां, मी हार्यती. अगं, ती यक्ती आहे ना, तिच्याबद्दल मी जे बोलले होते..."